फौज कोणाच्या मतानें निघावी?

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे, तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना वाटेल, कीं हा माणूस आपली पायरी सोडून बोलत आहे. मी शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढें माझें शिक्षण झालें नाहीं. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास व नागरिकशास्त्र शिकविलें, आणि आतां निवृत्त होऊन भाईंदरच्या पूर्वेस खारी येथें राहतों. परराष्ट्रांचें राजकारण हा कांहीं माझा प्रांत नव्हे. पण देशाचें सैन्य दुसऱ्याच्या भूमीवर पाठवावें कीं न पाठवावें, हें कोणीं ठरवावें, हा प्रश्न जितका परराष्ट्रीय राजकारणाचा आहे, तितकाच नागरिकशास्त्राचाहि आहे. शिवाय हा प्रश्न एकदां मला एका घराच्या ओसरीवर विचारला गेला होता, आणि त्या वेळीं मला त्याचें उत्तर धड देतां आलें नव्हतें. तें राहिलेलें उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतों.

गोष्ट १९९० सालच्या उन्हाळ्यांतली. त्या वेळीं मी सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. घरटी एक माणूस पलटणींत, असें तें गांव. श्रीलंकेंत गेलेली आपली शांतिसेना त्या वर्षींच्या मार्च महिन्यांत परत आली होती, आणि तिच्यांतील एक जवान सुटीवर घरीं आला होता. त्याचा धाकटा भाऊ माझ्या वर्गांत होता. संध्याकाळीं मी त्यांच्या ओसरीवर बसलों असतां तो जवान भावाचें नागरिकशास्त्राचें पुस्तक चाळीत होता. जरा वेळानें तो म्हणाला, “गुरुजी, ह्यात लिवलंय, कायदा संसद करती, पैशाला मंजुरी संसद देती. मग आमाला तिकडं धाडायचा ठराव कंदी झाला?”

मीं म्हटलें, “तसा ठराव झाला नाहीं.”

त्यानें मान हलविली. “तक्रार न्हाई, गुरुजी. हुकूम आला, गेलो. नुसतं इचारलं.” आणि पुस्तक मिटून त्यानें तें भावाच्या हातीं दिलें. त्याच्या तुकडींतले दोघे परत आले नव्हते, हें मला मागाहून कळलें.

त्याचें म्हणणें खरें होतें. २९ जुलै १९८७ रोजीं कोलंबो येथें पंतप्रधान राजीव गांधी व अध्यक्ष जयवर्धने यांनीं करारावर सह्या केल्या, आणि लगोलग आपल्या तुकड्या जाफन्याकडे निघाल्या. शांतता राखण्याकरितां गेलेल्या त्या सैन्याला ऑक्टोबर महिन्यांत प्रत्यक्ष लढाईंत उतरावें लागलें. २४ मार्च १९९० रोजीं शेवटची तुकडी परतली, तोंपर्यंत सुमारे बाराशे भारतीय जवान कामास आले होते. संसदेंत या विषयावर निवेदनें झालीं, प्रश्न विचारले गेले, टीकाहि झाली. पण फौज निघण्यापूर्वीं सभासदांचें मत मात्र घेतलें गेलें नाहीं.

आमच्या खारींत एखाद्या गल्लींत नाला बांधावयाचा म्हटला, तर त्याचा ठराव मीरा-भाईंदर महानगरपालिकेपुढें यावा, त्याचा खर्च दाखवावा, सभासदांनीं त्यावर वाद घालावा आणि मग मत द्यावें, अशी रीत आहे. पुढें तो नाला पहिल्याच पावसांत फुटला, तर त्या ठरावाला हात कोणीं वर केला होता, हें कागदांत पाहतां येतें. नाल्यासाठीं जी काळजी आपण घेतों, ती माणसांना मरणाच्या तोंडीं धाडतांना आपण घेत नाहीं, ही गोष्ट मला त्या दिवसापासून बोचत आली आहे.

याचें मूळ पाहूं लागलें, कीं थोडें मागें जावें लागतें. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियामध्यें, म्हणजे आजच्या इराकमध्यें, जी सहावी पुणे डिव्हिजन लढली, तिच्यांत मराठा पलटणी होत्या. कूत-अल्-अमारा येथें ती डिव्हिजन वेढ्यांत सांपडली. उपासमारीनें जेरीस येऊन २९ एप्रिल १९१६ रोजीं तिनें शरणागति पत्करली, आणि शेंकडों हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेंत मेले. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या एकट्या गांवानें त्या महायुद्धांत ४६ माणसें गमावलीं. हें युद्ध आपलें आहे कीं नाहीं, असें त्या माणसांना वा त्यांच्या आईबापांना कोणीहि विचारलें नव्हतें. विचारणार तरी कसें? सामान्य शेतकऱ्याला त्या काळीं मताचा अधिकारच नव्हता.

हा अन्याय आमच्या पुढाऱ्यांच्या ध्यानांत आला नव्हता, असें नाहीं. कायदेमंडळाच्या संमतीवांचून हिंदी फौज देशाबाहेर पाठवूं नये, असें मध्यवर्ती कायदेमंडळानें इंग्रज सरकारला बजावलें होतें. तरीहि दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमूं लागतांच सरकारनें इजिप्त व सिंगापूरकडे फौजा रवाना केल्या. त्याचा निषेध म्हणून १९३९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत वर्धा येथें भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीनें आपल्या सभासदांना कायदेमंडळाच्या पुढच्या अधिवेशनास न जाण्याचा आदेश दिला. पुढें ३ सप्टेंबर रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं कोणाचेंहि मत न घेतां हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें जाहीर केलें. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले, आणि त्यांत आपल्या मुंबई इलाख्याचें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळहि होतें. लोकांच्या प्रतिनिधींना न विचारतां लोकांचीं मुलें लढाईवर पाठवूं नयेत, या एका तत्त्वासाठीं माणसांनीं हातची सत्ता सोडली.

आतां आश्चर्य पाहा. ज्या तत्त्वासाठीं वर्ध्यास एवढा हट्ट धरला, तें तत्त्व पुढें स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेंत लिहिलें गेलें नाहीं. ५३ व्या कलमानें सैन्याचें सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलें, आणि युद्ध व शांतता हा विषय केंद्राच्या सूचींत घातला. मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार आहे आणि सैन्याचा पैसा लोकसभेच्या मंजुरीनेंच मिळतो, हें खरें. पण परदेशीं फौज धाडण्यापूर्वीं वा धाडल्यानंतर अमुक दिवसांत संसदेचें मत घेतलेंच पाहिजे, असें घटनेंत कोठेंहि नाहीं. मला वाटतें, त्या वेळच्या पुढाऱ्यांच्या मनांत असें असावें, कीं परक्यांचें सरकार गेलें, आतां सरकार आपलेंच आहे, मग त्याच्यावर एवढा पहारा कशाला? हा विश्वास मोठ्या मनाचा होता. पण पहारा चोरावरच ठेवावयाचा असतो असें नाहीं. घरचा माणूस घाईंत दार उघडें टाकून जातो, त्याच्यासाठींहि तो लागतो.

याच घटनेंतील दुसरें एक कलम पाहूं. ३५२ व्या कलमाप्रमाणें आणीबाणी पुकारली, तर ती एका महिन्याच्या आंत संसदेच्या दोन्ही सभागृहांनीं खास बहुमतानें मान्य करावी लागते, नाहींतर ती आपोआप संपते. ही एक महिन्याची मुदत १९७८ सालच्या दुरुस्तीनें आली, कारण १९७५ सालचा अनुभव ताजा होता. ठेच लागली तेथें आपण कुंपण घातलें. श्रीलंकेंतहि ठेच लागली, पण कुंपण घातलें नाहीं.

अशा स्थितींत २००३ सालीं एक प्रसंग आला, आणि तो मला फार बोधप्रद वाटतो. त्या वर्षीं २० मार्च रोजीं अमेरिका व तिच्या मित्रांनीं इराकवर स्वारी केली. संसदेच्या सभागृहांना तेव्हां सुटी होती. एप्रिल महिन्यांत सभागृहें पुन्हा भरतांच ८ तारखेस लोकसभेनें एकमतानें ठराव केला. अध्यक्षस्थानीं आपले मनोहर जोशी होते. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारला अमेरिकेशीं संबंध बिघडवावयाचे नव्हते, आणि विरोधी पक्षांना कडक शब्द हवा होता. इंग्रजींत दोन शब्दांचा वाद होता; एक सौम्य, केवळ खेदाकडे झुकणारा, आणि दुसरा दोषारोपाचा. शेवटीं हिंदींतला ‘निंदा’ हा शब्द दोन्ही बाजूंना पटला, कारण त्यांत दोन्ही अर्थ सामावत होते.

मास्तर म्हणून मला या शब्दाची मोठी मौज वाटते. आपल्या मराठींत निंदा म्हणजे पाठीमागें केलेली नालस्ती. मराठी सभासदानें हा ठराव केला असता, तर तो सरळ ‘निषेध’ म्हणाला असता, आणि मग पळवाट उरली नसती. कित्येकांनीं त्या वेळीं थट्टा केली, कीं शंभर कोटी लोकांच्या सभागृहानें एका शब्दावर कीस काढला, आणि दुसऱ्याच दिवशीं बगदाद पडलें. ठरावाचा उपयोग काय?

उपयोग पुढें दिसला, असें माझें मत आहे. त्या ठरावांत केवळ निंदा नव्हती. ही कारवाई संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीच्या संमतीवांचून झाली आहे, लढाई ताबडतोब थांबावी आणि परकीय सैन्यानें इराकमधून लवकर निघावें, असेंहि त्यांत म्हटलें होतें. पुढें कांहीं आठवड्यांतच अमेरिकेनें आपल्या सरकारकडे इराकच्या बंदोबस्तासाठीं एका डिव्हिजनएवढ्या सैन्याची मागणी केली. मागणी मान्य करावी, असें सांगणारीं वजनदार माणसें दिल्लींत होतीं. महासत्तेशीं मैत्री होईल, मान वाढेल, पुनर्रचनेचीं कामें मिळतील, असे हिशेब मांडले जात होते. पण सरकारपुढें लोकसभेचा तो ठराव होता. परकीय फौजांनीं तेथून निघावें, असें ज्या सभागृहानें एकमतानें म्हटलें, त्याच देशानें तीन महिन्यांत आपली फौज तेथें कशी उतरवावी? पंतप्रधानांनीं विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांशींहि बोलणीं केलीं. अखेर १४ जुलै २००३ रोजीं मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनें निर्णय दिला, कीं संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशावांचून सैन्य पाठवितां येणार नाहीं. ज्या भूमींत १९१६ सालीं कूत येथें मराठा शिपाई अन्नावांचून तडफडले, तेथें त्यांच्या पणतवंडांना जावें लागलें नाहीं. सरकारनें नकार दिला, त्याला कारणें अनेक असतील. पण सभागृहाचा शब्द लेखीं पडला होता, हें त्यांतलें एक होतें, असें मानावयास हरकत नाहीं.

याचा अर्थ असा नव्हे, कीं मत घेतलें म्हणजे सगळें साधतें. अमेरिकेच्या काँग्रेसनें ७ ऑगस्ट १९६४ रोजीं टोंकिनच्या आखाताविषयींचा ठराव एका सभागृहांत ४१६ विरुद्ध शून्य आणि दुसऱ्यांत ८८ विरुद्ध २ मतांनीं संमत करून व्हिएतनामच्या युद्धाला मोकळी वाट दिली. ज्या दोन हल्ल्यांच्या बातमीवरून हा ठराव झाला, त्यांपैकीं दुसरा हल्ला झालाच नव्हता, हें पुढें उघडकीस आलें. घाईनें आणि अर्धवट बातमीवर दिलेलें मत म्हणजे नुसता शिक्का. उलट तुर्कस्तानचें उदाहरण घ्या. सुमारे ६२ हजार अमेरिकन सैनिकांना आपल्या भूमीवरून इराकमध्यें जाऊं द्यावें काय, हा प्रश्न १ मार्च २००३ रोजीं तेथील सभागृहापुढें आला. बाजूनें २६४, विरुद्ध २५०, आणि तटस्थ १९. एकूण ५३३. कायद्याप्रमाणें हजर सभासदांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे २६७ मतें हवीं होतीं. तीन मतें कमी पडलीं, आणि एवढ्या मोठ्या सैन्याची वाट अडली. वर्गांत मी हें गणित मुलांना फळ्यावर घालीत असें, आणि एका मताची किंमत काय, हें त्यांना निराळें सांगावें लागत नसे.

इंग्लंडच्या कॉमन्स सभेनें त्याच महिन्याच्या १८ तारखेस युद्धाच्या बाजूनें ४१२ विरुद्ध १४९ असें मत दिलें. पण त्या रात्रीं युद्धाविरुद्ध मांडलेल्या दुरुस्तीला पंतप्रधान ब्लेअर यांच्या स्वतःच्या पक्षाच्या १३९ सभासदांनीं पाठिंबा दिला, आणि तरीहि त्यांच्या जागा शाबूत राहिल्या. हें आपल्या येथें घडूं शकेल काय? १९८५ सालच्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानें पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्या सभासदाची जागाच धोक्यांत येते. पक्ष बदलून पदें मिळविण्याचा बाजार थांबावा, हा त्या कायद्याचा हेतु चांगला होता. पण त्यामुळें सैन्याच्या प्रश्नावर मत घेतलें, तरी तें पांचशें सभासदांचें मत न होतां दहापांच पक्षप्रमुखांचें मत होण्याचा संभव आहे. तेव्हां नुसतें ‘मत घ्या’ एवढें म्हणून भागत नाहीं.

येथें कोणी जाणता श्रोता मला अडवील. तो म्हणेल, मास्तर, लढाई म्हणजे तुमच्या शाळेची सहामाही परीक्षा नव्हे, कीं वेळापत्रक आधीं लावावें. ३ नोव्हेंबर १९८८ रोजीं मालदीवच्या सरकारविरुद्ध बंड झालें, तेथील अध्यक्षांनीं मदत मागितली, आणि त्याच रात्रीं आपले छत्रीधारी सैनिक तेथें उतरले. कांहीं तासांत बंड मोडलें. त्या दिवशीं पांचशें सभासदांची सभा बोलावून वाद घालीत बसलों असतों, तर काय झालें असतें? आणि सभागृहांत बोललेलें शत्रूच्या कानीं जातें, तें निराळेंच.

हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो मान्य करतों. शत्रु दारांत आला असतां मतपेटी शोधावयाची नसते. आपल्या सरहद्दीच्या रक्षणासाठीं सरकारनें क्षणाचाहि विलंब लावूं नये. शेजाऱ्याच्या घरीं आग लागली आणि त्यानें हांक मारली, तर धांवून जाण्याचीहि मोकळीक असावी. पण मालदीवचें काम तासांत आटोपलें, आणि श्रीलंकेचें काम बत्तीस महिने चाललें. तासांच्या कामाला जी सवलत योग्य, ती बत्तीस महिन्यांच्या कामाला कशी लागू पडेल? बत्तीस महिन्यांत संसदेचीं कितीतरी अधिवेशनें झालीं. त्यांपैकीं एखाद्या दिवशीं हा प्रश्न मताला टाकण्यास कोणतें गुपित आडवें येत होतें?

म्हणून माझें सांगणें थोडक्यांत असें आहे. परदेशच्या भूमीवर फौज पाठविण्याची वेळ आली, तर शक्य असेल तेव्हां आधीं, आणि तें शक्य नसेल तेव्हां आणीबाणीप्रमाणेंच एका महिन्याच्या आंत, संसदेचें मत घ्यावें, असा कायदा असावा. मुक्काम वाढला, तर ठराविक मुदतीनें तें मत पुन्हा घ्यावें. या एका बाबतींत पक्षानें आदेश काढूं नये. आणि आवाजी होकारावर न भागवितां प्रत्येक सभासदाचें मत त्याच्या नांवानिशीं नोंदवावें. जर्मनींत १९९४ सालीं तेथील घटना-न्यायालयानें सभागृहाची संमति आवश्यक ठरविली. त्यामुळें तो देश दुबळा झाला नाहीं. फौजेचा एक जरी माणूस सरहद्दीबाहेर गेला, तरी त्याच्या मागें कोणाचा हात वर झाला होता, हें त्याच्या गांवाला कळलें पाहिजे.

हें सैनिकाच्या दृष्टीनेंहि हिताचें आहे. सैनिक हुकूम पाळतो. त्यानें तो पाळावाच. पण त्याच्यामागें एका मंत्र्याची सही आहे, कीं साऱ्या देशाचा विचार आहे, यानें त्याला फरक पडतो. श्रीलंकेहून परतलेल्या जवानांचें स्वागत देशानें कसें केलें, हें ज्यांना आठवतें, त्यांना मी काय म्हणतों हें कळेल. ज्यांना पाठवितांना आपण विचार केला नाहीं, ते परत आल्यावर त्यांच्याकडे पाहण्याचाहि आपल्याला संकोच वाटला.

श्रोतेहो, कायदा करणें आपल्या हातीं नाहीं. पण निवडणुकीच्या वेळीं उमेदवार आपल्या दारीं येतो. रस्त्याविषयीं, पाण्याविषयीं, लोकलच्या गर्दीविषयीं आपण त्याला विचारतों, आणि तें विचारलेंच पाहिजे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न त्याला विचारावा: परदेशीं फौज पाठविण्याचा प्रश्न सभागृहांत आला, तर आपण स्वतःच्या बुद्धीनें मत द्याल काय, आणि तें आम्हांला सांगाल काय? कदाचित् तो हंसेल. पण दहा घरीं हाच प्रश्न निघाला, तर अकराव्या घरीं तो उत्तर तयार ठेवून येईल.

त्या ओसरीवर मीं त्या जवानाला एवढेंच सांगितलें होतें, कीं ठराव झाला नाहीं. ठराव व्हावयास हवा होता, हें सांगावयाचें राहून गेलें. तें आज सांगितलें.